मधल्या खांबाचा दोर

सर्वपित्री अमावास्येला सगळं गाव कावळ्याची वाट बघतं, तेव्हा म्हात्र्यांचं एक घर ओहोटीची वाट बघत बसलेलं असतं. अमावास्येच्या दुपारी खाडी तुडुंब असते. त्यामुळे त्यांचा एक नैवेद्य ऊन उतरल्यावर निघतो आणि गाढी नदीवरच्या इंग्रजांच्या पुलाखाली जातो.

कामोठ्याकडचा हा पूल नावालाच उरला होता. डोंगरातला दगड बंदरावर न्यायला कुठल्याशा गोऱ्या कंपनीने इथून आगगाडी नेली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात लोखंड हवं म्हणून रूळ उपटले. मागे राहिले तीन दगडी खांब आणि त्यांवरचे गंजके गर्डर. आता नव्या रस्त्यासाठी तेही जाणार होते.

ते खांब उभे करायला नदीच्या गाळात विहिरी उतरवल्या होत्या. एकाने विहिरीत उतरून गाळ उकरायचा, दुसऱ्याने वर त्याच्या कमरेचा दोर धरून बसायचं. खालून दोन हिसके आले की वर ओढायचं. मधल्या विहिरीत म्हात्र्यांचा गोटीराम होता आणि वर त्याचा सख्खा थोरला भाऊ. दोर तुटला, गोटीराम तळाशीच राहिला, आणि साहेबाने त्याच्यावर खांब चढवला. निदान घरात तरी असंच सांगत आले होते.

तेव्हापासूनची रीत. घरातल्या धाकट्याने कमरेला दोर बांधून मधल्या खांबाच्या पायथ्याशी उतरायचं, पान ठेवायचं, दोन हिसके द्यायचे. थोरल्याने वरून म्हणायचं, ‘धरलाय रं, सोरनार नाय,’ आणि ओढून घ्यायचं.

आताच्या पिढीतला धाकटा कमळाकर तळोज्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. जे टेस्टरवर दिसतं तेवढंच खरं मानणारा माणूस. भुताखेतांची गोष्ट निघाली की तो हसायचा. तरी दरवर्षी उतरायचा, कारण वर दोर धरायला थोरला भाऊ सयाजी असे. बाप गेला तेव्हा कमळाकर चौथीत होता. सयाजीने शाळा सोडली, मिठागरात खपला आणि भावाला शिकवलं. अशा माणसाने नदीत उतर म्हटलं तर माणूस का म्हणून विचारत नाही.

पण शहाण्णव सालच्या त्या अमावास्येला सकाळीच त्याच्या बायकोने, उन्नतीने, वडे तळता तळता विषय काढला.

“सरकारनं जमीन घेतली तिच्या बदल्यात मिलाला तो प्लॉट मोठ्या भाऊजींनी सोताच्या एकल्याच्या नावावर केलाय. वारसांत तुमचा नावच नाय. माजा भाव कागद डोल्यांनी बघून आला.”

“गप बस,” कमळाकर म्हणाला. “दादा दरसाल माजा दोर धरतो. तो माजा गला कापल?”

उन्नतीने पुढचा वडा कढईत सोडला. कमळाकरच्या डोक्यातून मात्र प्लॉट जाईना.

ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याला जमत नसे. पुलावर सयाजी त्याच्या कमरेला गाठ मारत होता, तेव्हा त्याने सरळ विचारलं, “दादा, प्लॉटवर माजा नाव हाय ना?”

सयाजीने मान वर केली नाही. गाठ आवळली. “आदी पान ठेव. पानी फिरल.”

खांबाला लोखंडी कड्या होत्या. खालच्या चार-पाच गंजून केव्हाच गळून पडल्या होत्या, त्यापुढे दोराचाच आधार. कमळाकर दोराला लोंबकळत पायथ्याच्या दगडी कट्ट्यावर टेकला. पायाखाली कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कपच्या, नाकात गाळाचा कुबट वास. त्याने वडे आणि खीर ठेवली आणि तोल सावरायला दगडावर तळवा टेकला.

दगड थरथरत होता. वरून मालगाडी जावी तसा. रूळ जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

कुठेतरी पोकळीत पाणी शिरलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग दगडाच्या आतून दोन ठोके आले. सावकाश, एकामागून एक.

आणि इतक्या वर्षांत कधी न सुचलेली गोष्ट त्याला सुचली. दोर तुटला असता, तर ‘सोडणार नाही’ असं वचन दरवर्षी कशाला द्यावं लागलं असतं? तुटलेल्या दोराला वचन काय उपयोगाचं?

त्याने दोन हिसके दिले.

दोर सैल झाला. त्याची वेटोळी घरंगळत त्याच्या खांद्यावर पडली.

“दादा!”

वरून उत्तर आलं नाही. पाणी फिरलं होतं, भरती लागली होती. पानावरच्या खिरीत खारट पाणी शिरत होतं. त्याने पुन्हा दोन हिसके दिले. हाताला काहीच लागलं नाही.

“धरलाय रं. सोरनार नाय.”

आवाज घोगरा होता. आणि तो वरून आला नाही, कानाशी आला.

दोर ताठ झाला. कमळाकर वर ओढला गेला.

पुलावर कोणी नव्हतं. दोराचं टोक गर्डरवर मोकळंच पडलं होतं, हातभर काळ्या गाळाने माखलेलं.

सयाजी पार काठावर होता, बिल्डरच्या जीपपाशी. बिल्डरच्या हातात हात होता, हसणं चाललं होतं. कमळाकरला पाहताच त्याचा चेहरा उतरला. धावत आला. घाईघाईने टोक उचललं, लुंगीला पुसलं आणि मनगटाला गुंडाळलं.

“मी धरूनच हुतो ना रं!”

कमळाकरला रडू आलं. प्लॉट गेला तर गेला. पण ज्या हातांवर आयुष्य टाकलं होतं, त्याच हातांनी केसाने गळा कापला होता, आणि आता ते हात खोटं बोलत होते. त्याने कमरेची गाठ सोडली आणि आपल्याकडचं टोक पुलाखाली सोडून दिलं.

खाली पाण्याचा आवाज झाला.

दोर ताणला गेला. सयाजी वाकला.

एक हिसका. मग दुसरा.

सयाजीने शेजारी उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं, मग त्याच्या मोकळ्या कमरेकडे.

“खाली कोन हाय रं?”

“वचन तू देतोस ना दरसाल?” कमळाकर म्हणाला. “ओढ आता.”

तो काठाकडे चालू लागला. मागे सयाजी मनगटावरचा पीळ सोडवायला धडपडत होता, आणि पीळ सुटत नव्हता.