आत्याच्या टोपाची कल्हई

केतकी रागानं नुसती धुमसत होती. समोरच्या पडद्यावर तिच्या आत्याच्या पोटातली गाठ दिसत होती, आणि त्या मेल्या गाठीभोवतीचं लाल धाग्यांचं जाळं गेल्या खेपेपेक्षा दाट झालं होतं. तेही औषध चालू असताना!

"ठोंब्या, तुझं औषध आहे की नळाचं पाणी?" ती यंत्रमानवावर खेकसली. त्याचं खरं नाव आकड्यांचं होतं, पण सावंतवाडीच्या त्या दवाखान्यात सगळे त्याला ठोंब्याच म्हणत.

"औषध बरोबर आहे," ठोंब्या शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचाच तर तिला संताप यायचा. "आधी ऐक, मग ओरड. पेशी (शरीराचे सूक्ष्म घटक) बेलगाम वाढत सुटल्या, की त्यांची गाठ होते. ती मोहरीएवढी असेपर्यंत आजूबाजूनं झिरपेल तेवढं अन्न तिला पुरतं. पुढे भूक भागेना, की ती रसायनांचे निरोप धाडते, 'रक्त पाठवा!' मग जवळच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात. याला म्हणतात वाहिनीजनन (नव्या रक्तवाहिन्या तयार होणं). जखम भरताना ते उपयोगाचंच असतं. गाठ ते स्वतःच्या पोटासाठी वापरते."

"लबाड मेली!"

"आपलं औषध ते निरोप वाटेतच अडवतं. पण इथे निरोप इतके सुटलेत, की औषध अपुरं पडतंय. कुणीतरी आगीत तेल ओततंय. आज आत्याबाईंच्या रक्तात कॅडमियम (जुन्या काही बॅटऱ्यांतला विषारी जड धातू) सापडलंय."

"विषच ना ते? मग गाठ मरायला हवी!"

"खूप असेल, तर रक्तवाहिन्यांच्या पेशी मरतात. पण रोज थोडं थोडं पोटात गेलं, तर उलटंच होऊ शकतं. पेशी बिथरतात, जास्तच निरोप सोडतात आणि नव्या वाहिन्या फुटतात. प्रयोगशाळेत असं दिसलंय. आत्याबाईंना तेच झालंय, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण संशय दाट आहे."

"पण ते आलं कुठून?" केतकीनं पाय आपटला.

तेवढ्यात बाबा कोकमाचं सार घेऊन आले. ते भांड्यांना कल्हई (पितळेला आतून कथलाचा मुलामा) करायचे. पितळेची भांडी पुन्हा घराघरांत आल्यापासून त्यांच्या भट्टीला उसंत नव्हती. आत्याला सार लागे ते भावानं कल्हई केलेल्या टोपात रात्रभर मुरलेलंच. म्हणून बाबा अख्खा टोपच उचलून आणत.

ठोंब्यानं सारात बोट बुडवलं. त्याच्या छातीवरचा दिवा लाल झाला.

"कॅडमियम. थोडंच, पण आहे. आंबटात धातू विरघळतो."

"बाबा, कल्हईत काय घालता तुम्ही?"

"कथीलच की! आणि भंगारातल्या बॅटऱ्यांचा पांढरा धातू, जरासा. चकाकी काय येते म्हणून सांगू! ताईच्या टोपाला तर मुद्दाम एक हात जास्त…" बोलता बोलता बाबा थांबले आणि मटकन खाली बसले.

"एवढं कसं कळलं नाही तुम्हाला? कुणाला विचारायचं तरी!" केतकीचा आवाज फाटला. "रोज विष पाजलंत तिला!"

"ओरडू दे तिला, सुधा," खाटेवरून आत्या बाबांना म्हणाली. "मलाही ओरडायचंय, पण अंगात त्राण नाही. आणि तू रडत काय बसलास? गावातल्या बाकीच्या टोपांना कल्हई कुणी केली? ऊठ!"

"आत गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं," ठोंब्या म्हणाला. "पण नवं जायचं थांबलं, तर औषधाला निदान बरोबरीनं लढता येईल. आणि हा धातू कसा उपसून काढायचा, ते आम्ही शोधतोय."

बाबा उठले. केतकी एक रिकामं पोतं घेऊन त्यांच्यामागोमाग निघाली. पहिलंच घर लागलं सावित्रीवहिनींचं.

"या, या, सुधाभाऊ! काय झकास कल्हई केलीत हो! बाळाची पेज आता ह्याच टोपात करते."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बोला ना बाबा!" केतकी ओरडली.

"वहिनी, ती पेज ओतून द्या," बाबा सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "माझ्या कल्हईत विष आहे. चूक माझी आहे. तो टोप द्या इकडे."

केतकीचा राग तसूभरही उतरला नव्हता. तरी तिनं पोत्याचं तोंड उघडून धरलं, टोप आत टाकला आणि पुढच्या घराची कडी वाजवली.