तिसरी हाक

"काका, त्या हातमोज्याखाली वाटी कशाला ठेवलीय?" मैत्रीनं विचारलं.

खराडीच्या मागे, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला ते कोल्ड स्टोरेज आहे. गोठवलेला मटार, भेंडी, मक्याचे दाणे इथून कंटेनरात भरून न्हावाशेव्याला जातात आणि तिथून बोटीनं परदेशी. मे महिन्यातली रात्र होती, साडेअकरा वाजलेले. रिकामा कंटेनर घेऊन येणारा ट्रेलर चाकणच्या चौकात अडकला होता, म्हणजे तास-दीड तास निवांत. गेटवरच्या केबिनमध्ये म्हातारे वॉचमन हिंमतराव, आठ दिवसांपूर्वी कामावर लागलेली मैत्री आणि माल भरणारा शंभू चहा घेत बसले होते. भिंतीवरच्या खिळ्याला एक राखाडी हातमोजा लटकत होता आणि बरोबर खाली ती स्टीलची वाटी.

"वाटीत ना, खीर आहे. घेणार?" हिंमतराव म्हणाले. मग त्यांनी कप खाली ठेवला. "आज कंटेनर तपासायला आत तू उभी राहणार ना? मग ऐकून जा. ओळखीतल्या माणसाची गोष्ट आहे. पटली तर पटली, नाहीतर चहा तरी झाला तुमचा."

आणि ते सांगू लागले.

वैजनाथ आणि संपत सख्खे भाऊ, वाशीमकडचे. विश्रांतवाडीत एका खोलीत राहायचे. वैजनाथ इथला सुपरवायझर. धाकट्याला त्यानंच गावाहून आणलं, आईला शब्द देऊन की माय, मी आहे ना. आई मुक्ताई. तिनं दोघांना लहानपणापासून एक सांगून ठेवलं होतं. रात्री कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी आली तर माणूस समजायचं. हसू नकोस शंभू, तुझ्या आजीनंही तुला हेच सांगितलं असेल.

इथला नियमही तीन हाकांचाच. कंटेनरचं दार आतून उघडत नाही, म्हणून लावण्याआधी तीनदा हाक द्यायची. दोन्ही नियम एकमेकांत कसे चपखल बसले होते बघा.

एकोणीस जानेवारीची रात्र. रॉटरडॅमला जाणारा मटार भरत होते. कंटेनरच्या भिंतीवर वरच्या अंगाला लाल रेघ असते, माल तिच्यावर गेला की गार हवा फिरत नाही. मधल्या रांगेतला एक खोका वर आला होता. संपत अंगानं काडी. तो खोक्यांवरून सरपटत आत गेला आणि तो खोका दाबून बसवू लागला. इकडे बोटीची वेळ गाठायची म्हणून ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. सगळ्यांची जाकिटं सारखीच. एक जाकीट चहाकडे जाताना वैजनाथला दिसलं आणि त्याला वाटलं, संपत उतरला. तरी त्यानं हाक दिली. "संपत." थांबला. "संपत." आतून काही नाही. हॉर्न वाजला आणि त्यानं दार लावून सील ठोकलं.

दोन हाका दिल्या होत्या त्यानं.

पंधरा मिनिटांनी दोघांचा जेवणाचा एकत्र डबा उघडला, तेव्हा संपत कुठे आहे हे विचारायचं सुचलं. ड्रायव्हरचा फोन लागेना. पहाटे तो बंदराजवळ पोचला आणि त्यानं फोन पाहिला. दार उघडलं तर संपत दाराशीच होता. उजव्या हातात मोजा नव्हता. उघड्या हातानं दार जास्त वाजतं ना, म्हणून काढला असावा. बोटांची सालं निघाली होती. मोजा काही सापडला नाही.

चौकशीत वैजनाथ म्हणाला, तीन हाका दिल्या. साहेबांनी लिहून घेतलं की कामगारानं ओ दिली नाही, चूक त्याचीच. गावाला मुक्ताईनं विचारलं, "किती हाका देल्या होत्या बापू तुनं?"

"तीन, माय."

म्हातारी वर्षभर संपतच्या फोटोला रागावत होती. "तिसरीले तरी ओ द्याची होती रे. इतकं शिकवलं व्हतं तुले." आणि हा पोरगा गावी गेला की शेजारी बसून ते ऐकायचा. मला सांगताना त्याचं तोंड बघवत नव्हतं. भाऊ तर मेलाच होता, वर त्याच्या नावावर चूकही यानंच लावली होती.

बरोबर एक वर्षानं, गेल्या वर्षीच्या एकोणीस जानेवारीला, रविवारी रात्री, पावणेदोनला रिकामा कंटेनर आला. वैजनाथ नंबर बघून थबकला. तोच. हे डबे जगभर फिरतात, कधी कुणाच्या दारात येतील सांगता येत नाही. मी म्हटलं, "परत पाठवू." तो म्हणाला, "नको काका. मीच जातो आत."

रिकाम्या कंटेनरात माणूस उभा करून दार बाहेरून लावतात. अंधारात उजेडाची चीर दिसली तर तिथून गारवा गळणार. मिनिटभराचं काम. दार मी लावलं. एक बावन्न झाले होते.

पुढचं त्यानं नंतर सांगितलं.

आत काळोख. चीर कुठेच नाही. डबा चांगला होता.

मग बाहेरून हाक आली.

"संपत..."

त्याचाच आवाज. वैजनाथचा स्वतःचा.

मी बाहेर होतो, पोरांनो. मी तोंडही उघडलं नव्हतं.

"संपत..."

मग शांत. हॉर्न नाही. काही नाही.

आणि त्याच्या मागे, वर, लाल रेघेच्या वर... कुणीतरी श्वास रोखून होतं. लहानपणी एका गोधडीत दोघं रोखायचे तसा.

वाट बघत होतं.

तिसरी येईना.

ती कुणी द्यायची हे वैजनाथला कळलं.

"संपत."

"ओ, दादा."

ती ओ मी ऐकली. दाराच्या या बाजूनं. माझा हात कडीवर होता.

दार उघडलं तर वैजनाथ गुडघ्यांवर बसलेला, एकटाच. समोर हा मोजा. त्यावर पांढरं बर्फ साचलेलं. कंटेनरचं गार करायचं मशीन तेव्हा चालूच केलं नव्हतं.

तो इथं आला, याच खुर्चीवर बसला आणि त्यानं गावाला फोन लावला. दोन वाजून गेलेले, पण म्हातारीनं लगेच उचलला.

"माय, मी दोनच हाका देल्या होत्या."



मग तिचा आवाज आला. "म्हंजे माह्या लेकानं माहं आयकलं व्हतं."

एवढंच म्हणाली. मग रडली, आणि हाही रडला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला ते ऐकवेना.

सकाळी त्यानं साहेबांना खरं काय ते लिहून दिलं. संपतच्या नावावरची चूक काढून आपल्या नावावर घेतली आणि गावाला गेला. जाताना मोजा इथंच ठेवला. म्हणाला, माय बघेल तर तिला सोसणार नाही.

हिंमतराव थांबले. बाहेर वळणावर ट्रेलरचे दिवे दिसले. मैत्री उठली, टॉर्च हातात घेतला आणि दारात थांबली.

"काका, दार तुम्हीच लावा. आणि उघडताना हाका..."

"तीन देईन गं," ते म्हणाले. "मोजून."

शंभू भिंतीकडे बघत होता. केबिनमध्ये पंखा असूनही शर्ट अंगाला चिकटत होता. हिंमतरावांनी पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी उचलली, दाराबाहेरच्या कुंडीत ओतली आणि परत मोज्याखाली ठेवली. ते आपला टॉर्च शोधेपर्यंत मोज्यातून वाटीत थेंब पडला.