मशीन तापली की सूर उतरतो

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या घरात घडली ते भूतखेत मानत नाहीत, म्हणून जरा जास्तच खरी आहे.

आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही. लहानपणी कुणी भुताचं नाव काढलं की माझी पंचफुला मावशी म्हणायची, "भूत पाहाचं असन तं आरशात पाय." अशा बाईच्या घरात हे घडलं.

मागच्या वर्षीची सात फेब्रुवारी. रमाई जयंतीची संध्याकाळ. अकोल्यातल्या एका बुद्धविहारासमोरचा मांडव.

मावशी गाणारी. तिचे यजमान देवराव अमरावतीच्या एसटी आगारात इलेक्ट्रिशियन. कार्यक्रमात ते तिच्या डाव्या हाताला बसून सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, वाजवायचे. नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला जुना ॲनालॉग सिंथ. उचलायला दोन माणसं लागायची. आवाज मात्र असा भरदार की छातीत घुमायचा.

त्याला एकच खोड होती. तापला की सूर हलायचा.

मग देवराव डाव्या कोपऱ्यातला नॉब हळूच फिरवायचे आणि मावशी भर कार्यक्रमात त्यांना ऐकवायची, "तापली काय जी तुमची मशीन?" लोक हसायचे. देवरावही हसायचे.

तीन वर्षांपूर्वी देवराव झोपेतच गेले. त्याच पावसाळ्यात सिंथही बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, आता याचे पार्ट मिळत नाहीत.

मावशीने गाणं सोडलं. नुसतं कार्यक्रमातलं नाही. भाकरी थापताना गुणगुणायची, तेही बंद झालं.

त्यांचा मुलगा प्रीतम अमरावतीत, राजापेठेत, घरच्याच पुढच्या खोलीत कीबोर्डचे क्लास घेतो. त्याला घरातली ती शांतता सोसवेना. आई पुन्हा गायली पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं. त्याने आपल्या नव्या वर्कस्टेशन कीबोर्डवर वडिलांच्या सिंथचा आवाज बनवायला घेतला.

जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट लावायच्या आणि कान देऊन बसायचं. दोन स्वर एकमेकांपासून किंचित सरकवायचे, म्हणजे आवाज जाड होतो. वरची चमक फिल्टरने दाबायची. मागे थोडी सरसर सोडायची. मावशी स्वयंपाकघरातून ऐकायची.

"हा धुतलेला आवाज हाय," ती म्हणायची. "त्यायचा मळका होता."

प्रीतम पुन्हा बसायचा. पोरगा बापासारखाच चिवट.

थंडी पडली. एका दुपारी त्याने एक स्वर दाबून धरला आणि...

आत भांडं पडलं.

मावशी दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

त्याने वाजवला. नवरा गेला तेव्हा चारचौघांत न रडलेली बाई त्या एका स्वराला रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "अकोल्याच्या जयंतीले येतो मी."

मांडव भरला होता. ढोलकीवर वलगावचे केशवराव, देवरावांचे जुने सोबती. विजेचा बोर्ड उजवीकडे होता, म्हणून प्रीतमने कीबोर्ड मावशीच्या उजव्या हाताला लावला. डावीकडे नुसती सतरंजी.

पहिलंच गाणं रमाईवरचं. चाल देवरावांनी लावलेली. पट्टीही मावशीची जुनीच. ध्रुवपद छान झालं. अंतरा वर चढला आणि मावशीचा गळा चिरकला.

तिने पुन्हा धरलं. पुन्हा चिरकला.

मागून कुणीतरी कुजबुजलं. मावशीने माइक तोंडापासून दूर केला. तिला इथवर ओढून आणणारा प्रीतमच होता. आज ही अशी खाली उतरली तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबावं तर सूर धाडकन अर्धी पट्टी खाली आदळला असता, साऱ्या मांडवाला समजलं असतं.

त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. आणि...

सूर उतरायला लागला.

आपोआप. केसभर... अजून केसभर.

प्रीतमने स्क्रीनवर पाहिलं. ट्यूनिंगचा आकडा जिथल्या तिथे. या आवाजात सूर हलण्याची सोय त्याने ठेवलीच नव्हती. आईला ती खोड आवडत नाही, असंच तो जन्मभर ऐकत आला होता.

मग वास आला... तापलेल्या धुळीचा. जुना सिंथ चालू केला की थोड्या वेळाने यायचा, तोच.

मावशीने मान वर केली. उतरलेला सूर अलगद धरला आणि अंतऱ्यावर गेली. गळ्याला एक ओरखडा नाही. ढोलकीची एक मात्रा चुकली. केशवरावांची कधी चुकत नाही. प्रीतमने वळून पाहिलं तर ते त्या रिकाम्या सतरंजीकडे बघत होते.

कडवं संपलं तशी मावशी सवयीने वळली... डावीकडे.

"तापली काय जी मशीन?"

माइक सुरू होता. या वेळी कुणी हसलं नाही.

प्रीतमने कीबोर्डवरून हात फिरवला. सगळा गार. फक्त डावा कोपरा... तिथे बोट पोळलं. त्या जागी बटण नाही, नॉब नाही, नुसतं काळं प्लॅस्टिक आहे.

सामान भरताना केशवरावांनी त्याला बाजूला घेतलं.

"तुले एक सांगतो, वहिनीपाशी बोलू नको. मशीन तापत गिपत नव्हती. पयले तापे, पण तुह्या बापानं ते कवाच दुरुस्त केलं होतं. वयानं वहिनीचा गळा उतरून राहिला होता. तो हळूच सूर खाली घे. तिले समजू नये म्हणून नाव मशीनचं."

"आणि लोक हसायचे, ते?"

"त्याले चाले. म्हणे, मशीनले हासतात ना, तिले तं नाई हासत."

प्रीतमने हातातली वायर गुंडाळली, उलगडली आणि पुन्हा गुंडाळून गाडीत ठेवली.

अमरावतीला परतताना मूर्तिजापूर मागे पडलं. मावशी खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "केशवरावनं सांगतलं ना तुले?"

प्रीतमने मान हलवली.

"मले मालूम होतं. पयल्या खेपेपासून. गाणाऱ्या बाईले आपला गळा समजत नाई काय? पण त्यायले वाटे, मले पत्ता नाई. मी वाटू देल्लं. मशीनले नावं ठेवत राहिलो."

गाडी चालत राहिली.

"आपल्यात असं काई नसते, प्रीतम. माणूस गेला का गेला. मंग आज माह्या गळ्यासाठी कोण बसलं होतं?"

तिने खिडकीची काच वर सरकवली.

"पुसून टाक तो आवाज."

"आई, किती चांगली गायली तू आज..."

"म्हणूनच. मी गात राहीन तं त्यायले बसा लागन. सारी जिंदगी माह्यासाठी बसले. आता नको."

घरी आल्यावर प्रीतमने तो आवाज पुसला. मला म्हणाला, बाबांना मूठमाती दिली तेव्हा एवढं नव्हतं तुटलं. बटणावर बोट ठेवून तो लहान पोरासारखा रडला आणि मग दाबलं. मावशी पुन्हा गायली नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

उन्हाळ्यात क्लासची एक मुलगी, वर्षाली, म्हणाली, "सर, तुमच्या कीबोर्डचा पियानो बेसूर वाटून राहिला."

प्रीतमने ट्यूनर लावला. खरंच... सूर केसभर खाली.

सेटिंग बरोबर होतं. त्याने कीबोर्ड कोरा करून पाहिला, कारागिराला दाखवून आणला. बिघाड सापडला नाही. आणि सूर उतरतच राहिला. महिन्या-दोन महिन्यांनी, केसभर. क्लासमधले बाकी कीबोर्ड जागच्या जागी.

मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं. आई गात नव्हती, पण गळ्याचं वय कुठे थांबतं? तो उतरतच होता. आणि कुणीतरी त्याच्यावर कान ठेवून होतं.

मागच्या महिन्यात सूर एकाच दिवसात खूप खाली गेला. आईला काही झालं की काय, या धास्तीने प्रीतमने तिला दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट एकदम चांगले. "मले काय धाड भरली?" म्हणून मावशी वर त्यालाच रागावली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो बाजारातून परतला. दार लोटलेलं होतं. आतून एक स्वर ऐकू येत होता...

तोच. मळका. त्याने स्वतःच्या हाताने पुसलेला.

मावशी कीबोर्डपुढे उभी होती. एक बोट पट्टीवर. स्वर हळूहळू खाली, अजून खाली चालला होता. ती डावीकडे बघत होती, देवराव घरी वाजवायला बसायचे त्या रिकाम्या खुर्चीकडे.

"थांबा ना जी," ती म्हणत होती. भाजीत मीठ किती म्हणून विचारावं इतक्या साध्या आवाजात. "इतक्या खालून नाई गाता येत मले. येतो म्हटलं ना."

स्वर थांबला.

आणि केसभर... वर आला.

प्रीतम चपला न घालताच रस्त्यावर आला आणि तिथून त्याने मला फोन केला. आता तो रोज उठल्यावर आधी ती पट्टी दाबून सूर कुठे आहे ते बघतो, मग आईच्या खोलीत जातो. तो कीबोर्ड विकून टाक, असं सांगायला परवा मीच त्याला फोन लावला होता.

"सूर अजून तिथंच हाय," फोन उचलताच तो म्हणाला.

कीबोर्ड विक म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी मावशीची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.