मेनूतलं मराठी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे घडलंय. बेलापूरला, सेक्टर आठच्या एका सोसायटीत, गेल्या नोव्हेंबरात. तेही भर दुपारी.

दीक्षाचा धाकटा भाऊ संघर्ष न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. मागे राहिला त्याचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल.

त्याला एकच नाद. कंपनीचं सॉफ्टवेअर काढून तिथे हौशी लोकांनी मिळून बनवलेलं 'कस्टम फर्मवेअर' टाकायचं. त्यांच्या ग्रुपात देशोदेशीचे लोक. मेनू मराठीत करायचं काम संघर्षने अंगावर घेतलं होतं. 'कृपया प्रतीक्षा करा' त्याला सरकारी वाटायचं. त्याने लिहिलं, 'दम धर की जरा'.

अर्धा मेनू मराठीत झाला. अर्धा इंग्रजीतच राहिला. पुढे ग्रुपही मोडला.

त्या रविवारी दीक्षाने कन्सोल सहज चालू केला आणि...

एक ओळ जास्तीची मराठीत होती.

'ठेवलं जपून.'

तिथे आधी इंग्रजीत 'सेव्ह्ड' होतं. भावाची आठवण म्हणून तिने मेनूचे फोटो काढून ठेवले होते. फोटोत इंग्रजीच.

तिचा संशय सरळ सनीवर गेला. संघर्षचा मित्र, त्याच नादाचा. त्याला घरी बोलावून तिने धारेवर धरलं.

"सनी, आईच्या जिवाशी खेळू नको."

"ताई, मी हात पण नाय लावला. याचं वायफाय कधीच मेलंय. अपडेट येणार कुठून?"

त्याने मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. भाषेची फाइल उघडली. तारीख संघर्ष जायच्या आदल्या दिवसाची. आणि ती ओळ...

इंग्रजीतच.

कार्ड परत घातलं. स्क्रीनवर मराठी.

सनीने चहा अर्धाच ठेवला आणि निघाला.

तरी दीक्षाला पटेना. हा काहीतरी लपवतोय. तिने कन्सोल कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये.

पुढच्या रविवारी उघडलं तर...

आणखी दोन ओळी.

खरी पंचाईत आईची. बायजाबाईंना धड वाचता येत नाही, पण हे त्यांच्या कानावर गेलं. आत्ता कुठे सावरल्या होत्या. आता दिवसभर कपाटासमोर बसायच्या. जेवण तुटलं, बीपीच्या गोळ्या राहू लागल्या. स्मृतिदिनाचा विषय काढला की म्हणायच्या, "पोरगं बोलतंय माझं, आन् तुमी भंतेजी कशाला बोलावता?"

भाऊ गेलाच, आता आईही हातची जाणार. दीक्षा मनातून पार घाबरली. तिने ठरवलं, कन्सोलमधलं सगळं पुसून टाकायचं.

आई स्वयंपाकघरात होती. दीक्षाने बेडरूमचं दार लावलं, चार्जर जोडला आणि पुसायचं बटण दाबलं. इथे नेहमी इंग्रजीत यायचं, नक्की पुसायचं का?

स्क्रीन काळी झाली...

मग ओळ उमटली. मराठीत.

'आईला विचारलंस का?'

खाली दोन पर्याय. हो. नाही.

दीक्षाने ती ओळ मोठ्याने वाचलीही नव्हती. तोच दाराबाहेरून, अगदी जवळून, बायजाबाईंचा आवाज आला.

"विचार की गं. काय विचारायचंय?"

सहा महिने झाले. कन्सोल त्याच प्रश्नावर थांबलाय. चार्जर काढायची दीक्षाची हिंमत होत नाही...

आणि आईला विचारायचीही नाही.