हत्ती, मुंगी आणि एक हितसंबंध

प्रेम आणि बंड या दोन गोष्टी माणसाला विचारून येत नाहीत. त्या वाऱ्यासारख्या आत शिरतात आणि मग आयुष्य पूर्वीचं राहत नाही. या गोष्टीत मात्र दोन्ही रीतसर मीटिंगची खोली बुक करून आल्या. एकच खोली, एकाच वेळेला.

ती दार ढकलून आत आली तेव्हा तो फळ्यावर रेघ मारत होता. पट्टी न घेता. रेघ सरळ आली होती, आणि तिला पहिला राग त्या रेघेचाच आला.

"ही खोली माझ्या नावावर आहे," ती म्हणाली.

"माझ्याही," त्याने फोन पुढे केला.

तिने आपला फोन त्याच्या फोनशेजारी ठेवला. दोन्हीकडे हिरवी खूण.

"म्हणजे आपल्या ऑफिसातली दोन यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत," तो म्हणाला.

"मग त्यांचा अबोला सुटेपर्यंत तुम्ही बाहेर थांबा."

"मी आधी आलो."

"मी आधी बुक केली."

"यंत्रंही असंच म्हणत असणार..."

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण हसली नाही. यात फरक आहे आणि तो तिला पक्का ठाऊक होता. ती खुर्ची ओढून बसली, तो फळ्याशी उभा राहिला आणि दोघांनी एक शब्द न बोलता तास काढला. निघताना तिचं लक्ष गेलं — फळ्याची बरोबर अर्धी बाजू त्याने कोरी सोडली होती. तिच्यासाठी.

तिला ऑफिसात 'हरकत' म्हणत, कारण मीटिंगमध्ये ती हात वर करी तो हरकत घ्यायलाच. त्याला 'मोजपट्टी' म्हणत. तो दुसऱ्या विभागातून एका कामासाठी आला होता आणि हे काम काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं प्रेम समजणार नाही.

कंपनीचा धंदा प्रवाशांचं हरवलेलं सामान शोधून पोचवण्याचा. प्रत्येक बॅग एका वेळी एकाच अवस्थेत असते: हरवली, दिसली, ओळख पटली, वाटेत आहे, पोचली. एकीतून दुसरीत जायचं ते नियमानेच. अशा मांडणीला इंजिनिअर मंडळी स्टेट मशीन म्हणतात. बाकीचे लोक नशीब म्हणतात. गोम अशी की हा हिशेब ठेवणारी यंत्रं गावोगावच्या गोदामांत विखुरलेली, आणि एका बॅगेबद्दल त्या सगळ्यांचं म्हणणं एक हवं. जुनं सॉफ्टवेअर महिनाअखेरीस बंद पडणार होतं. नवं उभारायचं तर त्यासाठी तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, निवडायचं होतं. चाळून चाळून दोन उरली होती. एक बड्या कंपनीचं, विकतचं, झगमगीत. त्याला सगळे हत्ती म्हणत. दुसरं कुठल्याशा दोन माणसांनी हौसेने लिहिलेलं आणि फुकट. ती मुंगी.

साहेबांना हत्ती हवा होता. हरकतीला मुंगी. मोजपट्टीने दोन्ही मोजायची होती.

"हत्ती आला तर मी राजीनामा देणार," ती सगळ्यांसमोर म्हणून बसली होती. साहेबांनी हे ऐकून हत्तीकडे अधिकच प्रेमाने पाहिलं होतं.

मोजणी सर्व्हरच्या खोलीत, तीन यंत्रांवर चाले. तिथे थंडी अशी की माणसाने स्वेटर घालावा आणि भांडण गरम ठेवावं. तिने स्वेटर आणला नव्हता. त्याने आपला काढून पुढे केला.

"नको."

"थंडी वाजतेय तुम्हाला."

"वाजू दे. माझी आहे."

जरा वेळाने स्टुलावर चढून त्याने एसीच्या झडपेचं तोंड मुकाट्याने स्वतःकडे वळवलं. ती स्क्रीनकडे बघत राहिली, पण तिने काय वाचलं ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

"हत्तीवाल्यांनी तपासणी कशी केली होती?" तिने विचारलं.

"एक यंत्र बंद करायचं. उरलेली काम उचलतात. दर वेळी उत्तम."

"बंद कसं करायचं?"

"बटण दाबून."

"म्हणजे सांगून-सवरून. सगळ्यांचा निरोप घेऊन." ती उठली. "मेलेल्या यंत्राचा कुणाला त्रास नसतो हो. त्रास असतो तो जिवंत असून तुटलेल्याचा." आणि तिने एका यंत्राची नेटवर्कची केबल सरळ उपटली.

यंत्र चालूच होतं, फक्त त्याला कुणी दिसेना. हत्तीच्या यंत्राने काय केलं? बाकीचे गेले असं धरून ते एकटंच निर्णय देत सुटलं. पलीकडची यंत्रंही देत होती. चाचणीतली एकच बॅग इकडे 'पोचली' आणि तिकडे 'वाटेत' दिसू लागली.

"केबल जोडली की नंतर जुळवून घेतं ते," तो हळूच म्हणाला. "असं त्यांच्या माहितीत लिहिलंय."

"नंतर? गेल्या वर्षी एका मुलीच्या वडिलांचं श्रवणयंत्र बॅगेत होतं. आमच्या स्क्रीनवर 'पोचली'. एकदा 'पोचली' आलं की शोधणारे उठून घरी जातात. ती बॅग गोदामात पडून, आणि तो माणूस घरात... कुणाचं काही ऐकू न येता बसून. रोज फोन मी घ्यायचे. नंतर काय जुळवू?"

त्याने केबल परत जागेवर खोचली. मग मुंगी लावली, केबल पुन्हा उपटली. तीनपैकी दोन यंत्रं एकमेकांच्या जोरावर पुढे चालत राहिली. तुटलेलं मात्र गप्प बसलं. विचारलं तर म्हणे, मला ठाऊक नाही.

"ठाऊक नसताना गप्प," ती म्हणाली. "या ऑफिसात असं पहिल्यांदाच घडतंय."

आता तो हसला. चष्मा काढून हसायची त्याची पद्धत होती, आणि बिनचष्म्याचे डोळे मोजपट्टीचे मुळीच नव्हते.

त्यानंतर 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. केबली उपटता उपटता गप्पा वाढल्या. घरी आईने विचारलं, "हल्ली उशीर होतो तो हत्तीमुळे की मुंगीमुळे?"

"कामामुळे."

"कोपऱ्यापर्यंत सोडायला येणारं काम चष्मा लावतं का?" बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"आपल्या घरात तीन मतं आहेत," ती म्हणाली, "त्यातली दोन आईची. त्यामुळे मी काही सांगणार नाही."

आणि मग त्याने अहवालाचा कच्चा मसुदा तिला दाखवला. मुंगी तोलूनमापून निर्णय घेते, असं त्यात होतं. ती हत्तीपेक्षा हळू आहे, असंही होतं. ठळक अक्षरात.

"हे लिहायलाच हवं का?"

"खरं आहे ते."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"विचारू नकोस ना असं... मी खोटं मोजलं, तर माझ्यात आणि हत्तीत फरक काय?"

ती उठली. दारापर्यंत गेली, वळली. "ठीक आहे. मग माझंही ऐक. मीटिंगमध्ये माझ्यासाठी हात वर करायचा नाही. उपकाराचं मत मला नको. तसं केलंस, तर हत्ती हरला तरी मी तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि मला मुंगीच योग्य वाटली तर?"

"ते सिद्ध कसं करशील?"

तिने दार ओढून घेतलं.

खरेदीचा नियम साहेबांनी स्वतः घडवला होता: मतदार तीन — साहेब, मोजणारा आणि वापरणाऱ्यांची प्रमुख, म्हणजे ती. ज्याचा हितसंबंध असेल त्याने मत द्यायचं नाही, आणि निदान दोघांनी मत दिल्याखेरीज खरेदी नाही. फसलं तर दोष एकट्यावर येऊ नये, एवढाच त्यामागचा थोर विचार.

मीटिंगच्या दिवशी साहेब प्रसन्न होते. मोजपट्टीला बढती देण्याचं त्यांनी सकाळीच जिन्यात सूचित केलं होतं. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई पेन उघडून बसल्या. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. त्याच्याकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"हत्तीच्या बाजूने माझं मत," साहेब म्हणाले. "आता तुम्ही."

तो उभा राहिला. "मतदानाआधी मला एक हितसंबंध जाहीर करायचा आहे."

"हत्तीचे शेअर घेतलेत की काय?"

"नाही. माझं... यांच्यावर प्रेम आहे." त्याने मान तिच्याकडे वळवली. "मुंगीवर नाही. मुंगी मला अजूनही जरा हळूच वाटते. पण योग्य तीच आहे, असं माझं मोजून झालेलं मत आहे, आणि ते मी आता देऊ शकत नाही. माझ्यामुळे यांच्या बाजूला उपकाराचा डाग नको."

बाईंचं पेन कागदावर थांबलं. बाईंनी मान वर केली. "आर्थिक लिहू की वैयक्तिक?"

"वैयक्तिक," तो म्हणाला.

"अरे मूर्खा," ती दातओठ खात पुटपुटली, "मत घालवलंस ना."

"तूच म्हणालीस, हात वर करू नकोस."

"म्हणून असा?"

"दुसरा मार्ग मोजून पाहिला. नव्हता."

तिचे कान तापले होते. संताप होता. निदान सुरुवात तरी संतापानेच झाली होती.

साहेबांनी हात चोळले. "उरलो आपण दोघं, एकास एक. तेव्हा अध्यक्ष या नात्याने माझं एक जादा मत धरून—"

ती उठून उभी राहिली. "थांबा. मलाही हितसंबंध जाहीर करायचा आहे."

"कोणाशी?" साहेबांना विचारणं भागच होतं.

"याच्याशी." चारचौघांत पहिल्यांदाच, एकेरीत. "वैयक्तिक. लिहा बाई, मोठ्या अक्षरात लिहा. मीही मत देत नाही. आता मतदार उरला एक, आणि दोनाशिवाय खरेदी नाही. नियम तुमचा आहे, साहेब."

"मी एकटा ठरवू शकतो."

"हत्तीही हेच म्हणतो, साहेब," तो म्हणाला. "केबल तुटल्यावर."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "महिनाअखेरीस जुनं बंद होतंय. काहीतरी तर चालायला हवं."

"मुंगी फुकट आहे," ती म्हणाली. "फुकटाला खरेदीचा नियम लागत नाही. कलम मी वाचलंय."

"तात्पुरती लावा मग," साहेब उठत म्हणाले. 'तात्पुरती' हा शब्द ऐकून बाईंनी हिशेबात पुढची दहा वर्षं धरली.

"आणि माझा राजीनामा?" तिने पाठीमागून विचारलं.

"तुम्ही गेलात तर मुंगी सांभाळणार कोण?" साहेब दारातून म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांनी आपलं एकमेव मत घेऊन खोली सोडली.

बाहेर जिन्यात ती आणि तो एका पायरीच्या अंतरावर उभे राहिले. वरच्या खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा त्याच्या चष्म्यावर पडला होता.

"तू खरंच म्हणालीस ते? की फक्त नियमासाठी...?"

"खोटा हितसंबंध जाहीर केला तर नोकरी जाते. तेही कलम मी वाचलंय." तिने हात पुढे केला आणि त्याने तो धरला, तेव्हा तिची बोटं थंड होती. "आता घरचं. मागायचं नाही, कळवायचं."

तिने एका हाताने फोन लावला. दुसरा सोडवून घेतला नाही.

"आई, ऐक. मी एक मुलगा पसंत केलाय. चष्मा लावणारा. ऑफिसात सगळ्यांसमोर सांगून टाकलंय, कागदावर आलंय. तुझी दोन्ही मतं विरोधात गेली तरी बदलणार नाही. विचारत नाहीये, सांगतेय."

ती ताठ उभी राहिली. शेजारी तोही ताठ झाला.

"बरं," आई म्हणाली. "येताना न्हाणीघरासाठी एक बल्ब आण. पांढरा. मागच्या वेळी पिवळा आणला होतास."