दंड मागणारा आवाज

डोळे तपासायचे म्हणजे खोलीत अंधार करावाच लागतो. मी दिवा घालवला, भिंतीवरची पाटी उजळली, आणि खुर्चीतल्या माणसाच्या डाव्या डोळ्यावर झाकण ठेवून म्हणाले, "वरून तिसरी ओळ वाचा."

"ग... प... म..." तो वाचू लागला.

माझ्या हातातलं भिंग निसटलं.

तो आवाज मला पाठ होता. गेले कित्येक आठवडे तो मला फोन करत होता. खर्जातला, मऊ, लाघवी... 'नमस्कार. आपल्याला पार्किंगचा दंड झाला आहे. दंड न भरल्यास पोलिस आपल्या घरी येतील.' मी इथे, चष्म्याच्या दुकानात असले की घरी फोन यायचा. आई उचलायची, आणि मग दिवसभर पडदे ओढून बसायची. दारावर कुणी टकटक केली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

आणि आता तोच आवाज अंधारात, माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

मी खटकन दिवा लावला. विस्कटलेल्या केसांचा, तिशीतला एक माणूस एका डोळ्याने माझ्याकडे टकमक बघत होता.

"लाज नाही वाटत? म्हाताऱ्या बाईला पोलिसांची भीती घालता?"

"मी?" तो गडबडला. "अहो, मी फक्त... ओळ चुकली का?"

मी मोबाइल काढून त्याला एक फोन ऐकवला. रेकॉर्ड करून ठेवायला मावशीने सांगितलं होतं. ती वकील आहे. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"आवाज माझाच आहे," तो हळूच म्हणाला. "पण... हे मी कधी बोललोच नाही."

जाहिरातींना, लिफ्टना, फोनवरच्या सूचनांना आवाज देणं हा त्याचा धंदा. त्या पार्किंगवाल्या कंपनीसाठी त्याने मोजकीच वाक्यं दिली होती. आपलं स्वागत आहे. कृपया तिकीट घ्या. गाडी सावकाश चालवा. तेवढ्यावरून कंपनीने मशीनकडून अख्खा माणूस तयार करून घेतला होता!

"तरीच," तो म्हणाला, "परवा माझी बहीण म्हणाली, फोनवर इतका गोड कधीपासून बोलायला लागलास? मी फोन केलाच नव्हता. तिचीही गाडी त्यांच्याच पार्किंगमध्ये असते."

मला शहारा आला. आणि खरं सांगू? त्याच्या त्या भेदरलेल्या, उघड्या डोळ्याकडे बघून जरासं हसूही आलं.

माझा गुन्हा एवढाच, की एका मोठ्या दुकानाच्या तळघरात, त्या कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि निघायला उशीर झाला. त्यांच्याच लिफ्टमध्ये आई आणि मी अडकलो होतो! बाहेर येऊन बघते तर गाडीच्या काचेवर लाल कागद : दंड. आकडाही असा, की वाचून आई मटकन खाली बसली.

मावशीने मात्र तो कागद बघून नाक मुरडलं होतं. "दंड करायचा तो सरकारने, आणि तोही कायद्यात असेल तरच. दुकानदार फार तर म्हणेल, तुझ्यामुळे आमचं अमुक नुकसान झालं, ते भरून दे. ते दाखवावं लागतं, मनाला येईल तो आकडा चालत नाही. शिवाय अट आत शिरण्याआधी दिसायला हवी. पटत नसेल तर त्यांनी कोर्टात जावं. पोलिसांचं नाव काढायचं नाही!"

अट कुठे लिहिली आहे त्याचा फोटो मावशीला हवा होता. एकटीने जायचा धीर होत नव्हता आणि आईला घेऊन तिथे परत जाणं शक्य नव्हतं, हे मी त्याला सांगितलं.

"मी येतो," तो म्हणाला. "माझ्याच आवाजाला मला एकदा भेटायचंय."

भर दुपारी आम्ही तळघरात उतरलो. बाहेर लख्ख ऊन, खाली ओलसर गारवा. पिवळट दिवे मध्येच मिचमिचत होते. अटींची पाटी सापडली ती फाटकाच्या आत, एका खांबाच्या पाठीमागे. मी वाकून फोटो काढत होते, इतक्यात छतातून तोच आवाज आला.

"आपलं स्वागत आहे."

मी दुसरा फोटो काढला.

"आपण दोघं इथे कशासाठी आला आहात?"

मी गर्रकन वळले. "हे तुम्ही..."

"माझं तोंड बंद आहे, बघा ना!" तो कुजबुजला. त्याने माझा हात घट्ट धरला होता. तळवा घामाने गार पडलेला.

आम्ही पळत वर आलो. उन्हात आल्यावरही हात तसाच होता.

"आता सोडलात तरी चालेल," मी म्हणाले.

"चालेल... पण सोडायलाच हवा का?"

मी हात काढून घेतला नाही.

मावशीने ग्राहक मंचात तक्रार घातली. साक्ष दिली तर त्याचं बरंचसं काम जाणार होतं. कंपनीने त्याला तसं कळवलंही होतं, गोड शब्दांत. मी म्हणाले, "नाही आलात तरी मी रागावणार नाही."

"मी रागावेन ना... माझ्यावर," तो म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी एक फोन ऐकवला. 'आपल्याला दंड मान्य आहे का?' हे मऊ आवाजात, आणि मग माझा रडवेला आवाज : 'हो, मान्य, पण आईला फोन करू नका हो!'

"बघा," वकील म्हणाले, "आमच्या अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं, बाईंनी कबूल केलं."

"तो अधिकारी मीच," मागून आवाज आला, "आणि मी यांच्याशी हे कधीच बोललो नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. मंचाच्या अध्यक्ष बाईंनी त्याला तेच वाक्य म्हणायला लावलं. तो म्हणाला. मग फोनचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवलं. एकच आवाज, दोनदा. माझ्या शेजारी बसलेल्या आईने माझा पदर मुठीत आवळला.

"मग यातला माणूस कोणता, हे ओळखायचं कसं?" बाईंनी विचारलं.

मी नकळत उठून उभी राहिले. "हा श्वास घेतो, मॅडम. फोनवरचा घेत नाही. आणि हा... बोलताना अडखळतो."

तो कानापर्यंत लाल झाला.

निकाल आमच्या बाजूने लागला. धमकावून घेतलेल्या होकाराला अर्थ नाही, लपवलेल्या अटीचा दंड वसूल करता येणार नाही, जास्त वेळाचं नेहमीचं भाडं तेवढं द्यावं, आणि तो आवाज कायमचा बंद करावा. आईने घरी येऊन आधी सगळे पडदे उघडले.

तो मात्र नंतर आलाच नाही. चष्मासुद्धा न्यायला आला नाही. मी वाट बघत होते, हे आईला कळत होतं. मला कबूल नव्हतं, इतकंच.

एका रविवारी सकाळी बारीक पाऊस पडत होता. घरचा फोन वाजला. मी उचलला.

"नमस्कार," तोच आवाज. मऊ, सलग, श्वासाशिवाय. "आपल्याकडून काही येणं नाही. तो खाली उभा आहे. वर यायला घाबरतो आहे."

फोन बंद झाला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मी खिडकीपाशी गेले. समोरच्या फुटपाथवर तो भिजत उभा होता, दोन्ही हात रिकामे.

मी चपला न घालताच खाली धावले.

"तुला... तुम्हाला कसं कळलं मी इथे आहे?" त्याने विचारलं.

"तूच सांगितलंस. आत्ता. फोनवर."

तो पांढराफटक पडला. "माझा फोन घरी राहिलाय. आणि ते मशीन तर त्यांनी माझ्यासमोर बंद केलं..."

पाऊस भुरभुरत होता. मग तो एक पाऊल पुढे आला.

"आणखी काय म्हणाला तो?"

"बाकीचं तुझ्यावर सोडलंय."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मला... म्हणजे काम गेलंय, आणि चष्मा नाही, त्यामुळे तू नीट दिसतही नाहीस... पण मला तू हवी आहेस. हे... हे मी बोलतोय. मी."

"ऐकू येतंय," मी म्हणाले, आणि त्याच्या धपापणाऱ्या छातीवर कान टेकला.