आईच्या नावानं

जाफराबादच्या त्या मेडिकलवर आज म्हातारे मालक नव्हते. काउंटरमागं त्यांचा मुलगा सोमेश्वर उभा होता. राजनंदिनीचा आवाज खाली गेला.

"मोठ्या माणसांचे डायपर... आईसाठी."

"चिकटपट्टीचे की चड्डीसारखे?"

"चड्डीसारखे. मीडियम."

त्यानं पाकीट पेपरात गुंडाळलं. "आईंना जास्त वेळ ओलं ठेवू नका. कातडी सोलवटते." तो वर बघत नव्हता, म्हणून तिला बरं वाटलं.

बाळंतपण अवघड गेलं होतं. बाळ राहिलं नाही, लघवीवरचा ताबाही राहिला नाही. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, तो परत आलाच नाही. भोकरदन जवळ होतं, पण तिथं सासरची माणसं भेटत. म्हणून ती जीपनं इथवर येई. बाकी महिनाभर ती, शिलाई मशीन आणि चार भिंती.

सोमेश्वर दर खेपेला आईची चौकशी करी. ती सांगत राही – आईला शेवंती आवडते, आईला झोप लागत नाही... सगळं स्वतःचंच.

"हसतात का कधी?" त्यानं एकदा विचारलं.

"हसते... महिन्यातून एकदा."

तिचे कान तापले. तो पेपर गुंडाळताना दोरा शोधत राहिला.

दिवाळीनंतर तो म्हणाला, "एकदा आईंना भेटायला येऊ का?"

ती दोन महिने फिरकलीच नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या. मांड्या सोलून निघाल्या. तिसऱ्या महिन्यात ती काउंटरपुढं उभी राहिली.

"रोज रस्त्याकडं बघून राह्यलो," तो म्हणाला. "आई बऱ्या हायेत ना?"

"आई ठणठणीत आहे. गवताचा भारा डोक्यावर आणते." तिनं रिकामी पिशवी काउंटरवर ठेवली. "ते... माझ्यासाठी होतं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला खोकल्याचं औषध देऊन सोमेश्वरनं वाटेला लावलं.

"मंग झोप लागत न्हाई, ते?"

"मलाच."

"मला बी लागत न्हाई... तुम्ही येईनाशा झाल्या तव्हापासून."

"मला सांभाळणारा माणूस नकोय," ती म्हणाली.

"सांभाळायचं म्हणत न्हाई. सोबत म्हणतो." तो अडखळला. "संभाजीनगरला ह्या त्रासाच्या डॉक्टरीणबाई हायेत. पुष्कळ बायांना फरक पडतो. जाऊ या?"

"एवढा लांबचा प्रवास... मधेच उतरावं लागलं तर?"

"उतरू. मागच्या गाडीनं जाऊ."

"ती पण चुकली तर?"

"तिच्या मागच्या. मला कुठं घाई हाय?"

त्यानं काउंटरची फळी उचलली, आतलं स्टूल पुढं सरकवलं. राजनंदिनीनं क्षणभर त्या स्टुलाकडं बघितलं. कापडी गादीचं होतं. जीपची सीट सोडली तर दोन वर्षांत परक्याच्या जागेवर ती कुठंच टेकली नव्हती.

ती बसली.